बहिरी ससाणा बहिरा नसतो

गेल्या वर्षी आपल्या गणेशोत्सवात मुलांच्या प्रश्नमंजूषेचे काम चिटणीसांनी माझ्या गळ्यात घातले होते. आकाशातून सर्वांत वेगाने सूर मारणारा पक्षी कोणता, असा एक प्रश्न मी काढला होता. उत्तर अर्थातच बहिरी ससाणा. सूर मारताना त्याचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या पुढे जातो. उत्तर जाहीर केले तशी पहिल्या रांगेतली एक चिमुरडी उभी राहिली आणि तिने विचारले, "पर आजोबा, उसको सुनाई नहीं देता क्या?" सगळा हॉल हसला. मीही हसलो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळलो.

घरी आल्यावर मात्र मला चैन पडेना. मुलीचा प्रश्न चुकीचा नव्हता. ज्याला ऐकू येत नाही तो बहिरा, मग बहिरी ससाणा कसला? आणि मला राहून राहून वाटत होते की याचे उत्तर मला कुणीतरी एकदा सांगितलेले आहे. दोन दिवस माळ्यावरच्या ट्रंका उपसल्या. घरच्यांची बोलणी खाल्ली. शेवटी १९९१ सालची ऑफिसची एक निळी डायरी सापडली. तिच्या मागच्या सात-आठ पानांवर माझ्याच अक्षरात ते उत्तर होते. यंदा चिटणीसांनी स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा विषय शोधावा लागला नाही. एका लहान मुलीचे उत्तर देणे राहिले होते, ते इथे देतो. मी पक्षितज्ज्ञ नाही आणि भाषातज्ज्ञही नाही, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

नखासमधले चाचा

मी नोकरीनिमित्त लखनौला आलो तो १९८४ साली. जुन्या लखनौत चौकाजवळ नखासचा बाजार आहे. तिथे पूर्वीपासून पाखरांची खरेदी-विक्री होत आली. १९९१ च्या हिवाळ्यात एका रविवारी मुलासाठी पिंजरा बघायला म्हणून मी तिथे गेलो आणि एका दुकानाच्या ओट्यावर बसलेल्या वृद्ध गृहस्थांशी ओळख झाली. त्यांचे नाव इथे देत नाही. सगळे त्यांना चाचा म्हणत, मीही म्हणू लागलो. पंच्याहत्तरी ओलांडलेली, डोळ्यांत मोतीबिंदू, पण बोलणे असे की ऐकत राहावे. त्यांचे वडील आणि आजोबा अवधच्या एका तालुकदाराकडे मीरशिकार होते. मीरशिकार म्हणजे शिकारी पक्ष्यांना शिकवणारा, त्यांना मुठीवर बसवून शिकारीला नेणारा माणूस.

मी चार रविवार त्यांच्याकडे गेलो. पहिल्याच दिवशी मी फुशारकीने म्हणालो, "आमच्या मराठीत बहिरी ससाणा म्हणजे न ऐकू येणारा!" चाचा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग म्हणाले, "साहब, बहरी समंदर से है. बहर माने समंदर." अरबी-फारसीत 'बहर' म्हणजे समुद्र, आणि 'बहरी' म्हणजे समुद्राकडचा, समुद्रापलीकडून आलेला. हे पाखरू थंडीच्या तोंडावर उत्तरेकडून, पार सैबेरियाच्या बाजूने येते आणि समुद्रकिनाऱ्यावर, मोठमोठ्या तळ्यांवर उतरलेल्या बदकांच्या आणि पाणपक्ष्यांच्या मागे असते. म्हणून ते बहरी. आपल्या मराठी जिभेने 'बहरी'चे 'बहिरी' केले, आणि एका तीक्ष्ण पाखराला उगाच कान नसलेले करून टाकले.

याच पक्ष्याचे शास्त्रीय नाव 'फाल्को पेरेग्रिनस'. लॅटिनमध्ये 'पेरेग्रिनस' म्हणजे परमुलखातला, वाटसरू. दोन वेगवेगळ्या लोकांनी एकमेकांना न विचारता एकाच पाखराला 'परका' असे नाव ठेवले.

नर वेगळा, मादी वेगळी

डायरीतली सर्वांत मोठी यादी जोड्यांची आहे. आपण कुत्रा-कुत्री, हरीण-हरिणी म्हणतो, म्हणजे एकाच शब्दाला प्रत्यय लावतो. शिकारखान्याच्या भाषेत मात्र नर आणि मादी यांची नावेच वेगळी. मी लिहून घेतली ती अशी. पहिले नाव मादीचे, दुसरे नराचे:

बाज आणि जुर्रा.
शिकरा आणि चिपका.
बाशा आणि बाशीन.
बेसरा आणि धोती.
लग्गर आणि झग्गर.
शाहीन आणि कोही.
चरग आणि चरगेला.

'धोती' ऐकल्यावर मला हसू आले. चाचांना त्यात हसण्यासारखे काही वाटले नाही. आणखी एक गोष्ट मला तेव्हा खटकली होती. मोठे, मानाचे, सर्वांना ठाऊक असलेले नाव दर वेळी मादीचेच कसे? राजेरजवाड्यांच्या पुरुषी खेळात असे कसे झाले?

कारण साधे आहे. शिकारी पक्ष्यांत मादी नरापेक्षा मोठी आणि वजनदार असते. मोठी शिकार तिच्याकडूनच होणार, म्हणून किंमत तिला आणि नावही तिचेच. युरोपातही असेच घडले. तिथे 'फाल्कन' हे मूळ मादीचे नाव, आणि नराला 'टिअर्सेल' म्हणत. त्या शब्दात लॅटिनमधला 'तिसरा भाग' आहे. नर मादीपेक्षा एक तृतीयांशाने लहान असतो, अशी त्याची नेहमीची उपपत्ती देतात. हजारो मैलांवरच्या दोन दरबारांत मीरशिकार रोज तराजू घेऊन बसत होते, आणि दोघांच्या भाषेत तोच फरक उतरला. पाखराचे वजन तोळ्यामाशांत सांभाळणे हा या विद्येचा गाभाच होता. पोट भरलेले पाखरू मुठीवर परत येत नाही, आणि उपाशी पाखरात झेप घ्यायचे बळ नसते.

मराठीने मात्र इथे गंमत केली आहे. शिकरा आणि ससाणा या दोघांनाही आपण पुल्लिंगी करून टाकले. एकटी घार तेवढी बाई राहिली.

इंग्रज पक्षिशास्त्रज्ञ आले तेव्हा त्यांनी ही नावे मीरशिकारांच्याच तोंडून घेतली. टी. सी. जर्डन यांच्या १८६२ ते १८६४ या काळात निघालेल्या भारतीय पक्ष्यांवरच्या ग्रंथात अशा जोड्या दिलेल्या सापडतात. पण घाईत काही घोळही झाले. लग्गरचे इंग्रजी नाव 'लॅगर फाल्कन', म्हणजे बायकोचे. शास्त्रीय नाव १८३४ साली पडले ते 'फाल्को जगर', म्हणजे नवऱ्याचे. एकाच घराच्या दारावर दोन पाट्या! चरगचे शास्त्रीय नाव 'फाल्को चेरग' झाले, ते ठीक. तुरुमती नावाच्या लाल डोक्याच्या छोट्या ससाण्याला मात्र 'फाल्को चिक्वेरा' म्हणतात. नीट कान देऊन ऐका, हा आपला शिकराच आहे. एकाचे नाव दुसऱ्याला गेले आणि शास्त्राच्या नियमाप्रमाणे कायमचे चिकटले. आपल्यापैकी ज्यांच्या रेशनकार्डावर 'कुलकर्णी'चे काहीतरी भलतेच झाले आहे त्यांना तुरुमतीचे दुःख कळेल.

काळे डोळे आणि गुलाबी डोळे

दुसऱ्या रविवारी मी चाचांना विचारले की इतकी सगळी पाखरे ओळखायची कशी. ते म्हणाले, आधी डोळा पाहायचा. सगळ्या शिकारी पक्ष्यांचे मीरशिकारांनी दोन वर्ग केले होते: सियाहचश्म, म्हणजे काळ्या डोळ्यांचे, आणि गुलाबचश्म, म्हणजे गुलाबी डोळ्यांचे. बहरी, शाहीन, लग्गर, चरग, तुरुमती हे पहिल्या वर्गात. बाज, बाशा, बेसरा, शिकरा हे दुसऱ्या. दुसऱ्या वर्गाचे डोळे खरे तर पिवळे असतात आणि वयानुसार नारिंगी किंवा लालसर होत जातात. पण अवधच्या माणसाला तिथे गुलाबच दिसणार.

ही वाटणी नुसती डोळ्यांच्या रंगाची नव्हती. काळ्या डोळ्यांच्या पक्ष्यांचे पंख लांब आणि टोकदार. ते उघड्या माळावर उंचावरून सूर मारतात आणि सावज चोचीने मानेत चावून मारतात. गुलाबी डोळ्यांच्या पक्ष्यांचे पंख आखूड आणि गोलसर, शेपूट लांब. ते झाडाझुडपांतून वळणे घेत पाठलाग करतात आणि नख्यांनी मारतात. पहिल्याला डोक्यावर टोपी घालून शांत ठेवायचे आणि मैदानात सोडायचे. दुसऱ्याला मुठीवरून, किंवा शिकऱ्यासारखे लहान पाखरू असेल तर चक्क तळहातात धरून, चेंडू फेकावा तसे सावजावर फेकायचे. फेकताना मान हिसकू नये म्हणून त्याच्या गळ्यात एक दोरी असे, तिला जंगौली म्हणत.

गंमत पुढे आहे. पक्षिशास्त्रज्ञ बराच काळ या सगळ्यांना जवळचे नातेवाईक मानत होते. २००८ साली पक्ष्यांच्या जनुकांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, आणि त्यात दिसले की काळ्या डोळ्यांचे ससाणे हे बाज, घार, गरुड यांच्यापेक्षा पोपट आणि चिमण्यांच्या कुळाला अधिक जवळचे आहेत. आकार, चोच, नख्या सारख्या दिसतात, कारण धंदा सारखा आहे. रक्ताचे नाते दूरचे. १९९१ साली चाचांनी एका वाक्यात केलेली वाटणी प्रयोगशाळेत पक्की व्हायला आणखी सतरा वर्षे लागली. ती बातमी वाचली तेव्हा सांगायला चाचा नव्हते.

संस्कृतात शिरलेली फारसी

हे शब्द फारसी, अरबी, तुर्की अशा अनेक वाटांनी आले. 'शाहीन'मध्ये शाह आहे. 'कोही'मध्ये 'कोह', म्हणजे डोंगर. समुद्राकडचा तो बहरी आणि डोंगरातला तो कोही, असा सरळ हिशेब. 'शिकरा'मध्ये शिकार आहे, आणि 'तुरुमती' मूळ तुर्की. 'बाज'बद्दल मात्र सावध राहावे लागते. मराठीतली बाज म्हणजे खाट, तिचा या पाखराशी संबंध नाही. दगाबाज, पतंगबाज यांतला 'बाज' खेळणे या अर्थाच्या फारसी क्रियापदातून आला आहे. आणि हिंदीत 'बाज आना' म्हणतात त्यातला 'बाज' म्हणजे मागे फिरणे. तीन-चार वेगळे शब्द एकाच पोशाखात फिरतात.

अकबराच्या दरबारातल्या शिकारी पक्ष्यांची माहिती अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त दिली आहे. मोठमोठे बाज आणि शाहीन पदरी असूनही बादशहाला लहानसा बाशाच अधिक आवडे आणि तो त्यांना निरनिराळी नावे ठेवी, असे त्यात आहे. त्या काळच्या फारसी दप्तरांत मोजदादीची सुद्धा एक रीत होती. हत्ती मोजायचे 'जंजीर' या शब्दाने, कारण हत्ती साखळीला असतो. घोडे मोजायचे 'रास' या शब्दाने, म्हणजे डोके. आणि बाज मोजायचे 'दस्त' या शब्दाने. दस्त म्हणजे हात. जितकी पाखरे, तितके त्यांना बसायला हात. पाखरू आणि माणूस यांचा हिशेब एकत्रच होई.

पण ही विद्या केवळ मोगलांबरोबर आली असे समजू नये. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात राजाच्या करमणुकींमध्ये 'श्येनविनोद' असे प्रकरणच आहे. कल्याणी म्हणजे आजचे बिदर जिल्ह्यातले बसवकल्याण. हा ग्रंथ छापून निघाला तो बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत, १९२५ पासून तीन भागांत, आणि त्याचे संपादक होते ग. कृ. श्रीगोंदेकर. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी माणसाने केलेले हे काम आहे, याचा आपल्यासारख्यांना आनंद वाटावा.

दुसरा ग्रंथ आपल्या इथून जवळचा. कुमाऊँचा राजा रुद्रदेव याच्या नावावर 'श्यैनिकशास्त्र' नावाचा संस्कृत ग्रंथ आहे. तो साधारण सोळाव्या शतकातला मानतात. २००० साली उत्तराखंड वेगळे होईपर्यंत कुमाऊँ याच राज्यात होते. महामहोपाध्याय हरप्रसाद शास्त्री यांनी १९१० साली कलकत्त्याहून तो भाषांतरासह प्रसिद्ध केला. त्यात बाजाचे 'वाज' झाले आहे, बाशाचे 'वासा', बहरीचे 'वहरी', चरगचे 'चरक'. डोळ्यांवरून केलेली दोन वर्गांची वाटणीही त्यात आहे. राजाने परके शब्द बाहेर ठेवले नाहीत. त्यांना धोतर नेसवून संस्कृतच्या पंक्तीला बसवले.

याच्या उलट उदाहरण आपल्याच घरचे. शिवाजी महाराजांनी रघुनाथ पंडितांकडून 'राज्यव्यवहारकोश' करवून घेतला. कारभारातल्या सुमारे १४०० फारसी-दखनी शब्दांना त्यात संस्कृत प्रतिशब्द दिले आहेत. एका राजाने फारसी शब्द संस्कृतात आणले, तर दुसऱ्याने फारसीच्या जागी संस्कृत शब्द उभे केले. दोघांनाही एक गोष्ट ठाऊक होती. शब्द हे राज्याचे सामान आहे आणि त्याची नोंद ठेवावी लागते. शिवकालीन अठरा कारखान्यांच्या यादीत शिकारखानाही होता, हेही इथे सांगायला हवे.

ससाणा म्हणजे कोण?

आता आपला खास मराठी शब्द. ससाणा हा फारसीतून आलेला नाही. संस्कृतात 'शश' म्हणजे ससा आणि 'अदन' म्हणजे खाणे. 'शशादन' म्हणजे ससे खाणारा. अमरकोशात श्येन पक्ष्याच्या नावांत शशादन आहे. प्राकृताच्या वाटेने 'श'चा 'स' झाला, मधला 'द' गळून पडला, 'न'चा 'ण' झाला आणि ससाणा आपल्या अंगणात येऊन बसला. म्हणजे आपण 'बहिरी ससाणा' म्हणतो तेव्हा अर्धा शब्द अरबस्तानातून आलेला असतो आणि अर्धा अमरकोशातून. दोघे इतकी वर्षे एकत्र नांदत आहेत की सांधा दिसत नाही.

'श्येन' तर त्याहून जुना. ऋग्वेदात सोम आणणारा पक्षी श्येनच आहे. यज्ञाची वेदी पंख पसरलेल्या श्येनाच्या आकारात रचत. शिबी राजाच्या गोष्टीत कबुतराच्या मागे लागतो तोही श्येन. इराणच्या अवेस्तात हाच शब्द 'सएन' या रूपात आहे, आणि त्यातून पुढे फारसी कथांमधला अद्भुत पक्षी सीमुर्ग आला. मात्र आपल्या रोजच्या बोलण्यात श्येन उरला नाही. तो पोथीत राहिला आणि माळावर ससाणा फिरू लागला.

शब्द का गेले?

तिसऱ्या रविवारी चाचांनी मला सामानाची नावे सांगितली. पाखराच्या बसण्याच्या दांडीला अड्डा म्हणत. पुढे जिथे चार जण जमून बसतात तोही अड्डाच झाला. घरट्यातून काढून आणलेले पिल्लू ते आशियानी, कारण आशियाना म्हणजे घरटे. पहिल्या वर्षाचे कोवळे पाखरू ते चूज. वर्षातून एकदा पिसे झडून नवी येतात त्याला कुरीज. कुरीजच्या दिवसांत पाखराला शिकारीला न्यायचे नाही, अंधाऱ्या शांत खोलीत खाऊपिऊ घालून ठेवायचे. इंग्लंडात पिसे झडण्याच्या शब्दावरून त्या खोल्यांना 'म्यूज' म्हणत. लंडनमध्ये राजाच्या म्यूजचे पुढे तबेले झाले, आणि आज त्या शहरात म्यूज म्हणजे जुन्या तबेल्यांची गल्ली. पाखरे गेली, पत्ता राहिला.

आपल्याकडे पत्ताही राहिला नाही. आधी चांगल्या बंदुका आल्या आणि पाखराच्या कष्टाची गरज संपली. मग १९५० च्या कायद्याने उत्तर प्रदेशातली जमीनदारी गेली आणि तालुकदारांचे शिकारखाने मोडले. १९७१ साली संस्थानिकांचे तनखे बंद झाले. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला, आणि रानातली पाखरे धरून शिकवण्याचा धंदा कायद्याने थांबला. तो कायदा योग्यच होता. पाखरांना पकडताना, त्यांच्या पापण्या दोऱ्याने शिवताना पूर्वी जे होई ते सांगताना चाचांचाही आवाज खाली गेला होता. "गुनाह भी था, हुनर भी था," एवढेच ते म्हणाले. युनेस्कोने २०१० साली ससाण्याने शिकार करण्याच्या विद्येला मानवी वारसा म्हणून मान्यता दिली. २०२१ पर्यंत त्या नोंदीत २४ देश सामील झाले. पाकिस्तान त्यात आहे, मंगोलिया आहे. जिथे त्या विद्येवर संस्कृत ग्रंथ लिहिले गेले तो आपला देश नाही.

पाखरू वाचावे म्हणून विद्या सोडली, हे मला मान्य आहे. पण शब्द वाचवायला कुठलाच कायदा आड येत नव्हता. ते वाचले नाहीत, कारण ते लिहून घ्यायला कुणी बसले नाही. सलीम अलींच्या ग्रंथांत काही जोड्या टिकल्या. मारुती चितमपल्लींच्या 'पक्षिकोशा'ने मराठीसाठी मोठे काम केले. पण मुठीवरचे, अड्ड्यावरचे, आजारपणाचे, लाडाचे असे जे शेकडो शब्द मीरशिकाराच्या घरात बोलले जात, त्यांतले बरेच त्याच्याबरोबर गेले.

माझाही त्यात वाटा आहे. चौथ्या रविवारी चाचा म्हणाले की पुढच्या खेपेला आजारांची आणि औषधांची नावे सांगतो, ती खूप आहेत, जाड वही आण. मी वही विकत घेतली. मग ऑफिसात हिशेबतपासणी निघाली, मुलाची परीक्षा आली, थंडी संपली. मी पुन्हा नखासला गेलो तो दीड वर्षाने. ओट्यावर त्यांचा नातू बसला होता, मोबाईल नसलेल्या त्या काळात तो टेपरेकॉर्डर दुरुस्त करत होता. चाचा गेल्या पावसाळ्यातच गेल्याचे त्याने सांगितले. मी त्याला विचारले, "जुर्रा म्हणजे काय, माहीत आहे?" त्याने मान हलवली. ती जाड वही पुढे आमच्याकडे दुधाच्या हिशेबाला वापरली गेली.

आपले काय?

त्या नातवाला मी मनात नावे ठेवली होती. परवा सुट्टीत माझी स्वतःची नात आली होती. बोलता बोलता मी म्हणालो, "आई वैलावर दूध ठेवायची." नातीने विचारले, "वैल म्हणजे?" चुलीशेजारचा तो धगीवरचा दुसरा तोंडवळा मी तिला हाताने आखून दाखवला. मग मला उतरंड आठवली, शिंके आठवले, फडताळ आठवले. तिला यातले एकही ठाऊक नव्हते, आणि का असावे? घरात गॅस आहे, फ्रिज आहे. काम गेले की शब्द जातो. मीरशिकाराच्या नातवाचे आणि माझ्या नातीचे दुखणे एकच आहे. फरक इतकाच की मी अजून ओट्यावर बसलेलो आहे.

आपण मंडळी नोकरीधंद्यासाठी घर सोडून इथे आलो, आणि इथलेच झालो. आपली मुले हिंदीत स्वप्ने पाहतात, त्यात वाईट काही नाही. बहरी आणि शाहीन या पक्षितज्ज्ञांच्या मते एकाच जातीच्या दोन शाखा आहेत. एक दर हिवाळ्यात दुरून येणारी, दुसरी इथेच कड्यांवर घर करून राहिलेली. आपल्या सह्याद्रीच्या किल्ल्यांवर जो कड्याच्या खोबणीत बसलेला दिसतो तो शाहीन. तोही मुळात त्याच कुळातला. कुठे राहायचे ते पोटापाण्यावर ठरते. कोण आहोत ते विसरायचे की नाही, हे आपल्या हातात असते.

तेव्हा मंडळाला माझी एक विनंती आहे. पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेत दोन पाने रिकामी ठेवावीत. प्रत्येक घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला विचारून आज न वापरले जाणारे दहा शब्द लिहून आणावेत: स्वयंपाकघरातले, शेतातले, सुताराचे, कासाराचे, जे असतील ते. अर्थ दोन ओळींत द्यावा. चाळीस घरे धरली तरी चारशे शब्द होतात. मी स्वतः पहिल्या आठवड्यातच वही घेऊन दारोदार फिरायला तयार आहे. या वेळी हिशेबतपासणीची सबब नाही, मी निवृत्त आहे.

आणि पहिल्या रांगेतल्या त्या चिमुरडीला सांगायचे ते असे. बाळ, बहिरी ससाण्याला उत्तम ऐकू येते. त्याचे नाव समुद्रावरून पडले आहे. तू विचारलेस म्हणून आजोबांना माळ्यावरची डायरी सापडली. यंदाच्या प्रश्नमंजूषेत हा प्रश्न पुन्हा असेल, आणि या वेळी उत्तर तू द्यायचेस.

गणपती बाप्पा मोरया!